पेशी

पेत्रोनिला गोदिनेस नववीत आली
ऑक्टोबरात, मक्याची कापणी संपता संपता,
अंगात मामाचं जॅकेट,
मांसाच्या कारखान्याचा बिल्ला छातीवर तसाच.

माझं आडनाव व्हर्बका. स्वर एकच, तोही शेवटी.
नेब्रास्कातल्या या गावात जन्म गेला,
तरी शाळेत धड कुणाला म्हणता येत नाही.
तिनं पहिल्याच दिवशी म्हटलं,
खडीसाखर दाताखाली फोडावी तसं.
मी खूश. म्हटलं, ही पोर तरणार.

मग प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं केलं.
दारावर दार लिहून चिकटवलं, खिडकीवर खिडकी,
घड्याळावर घड्याळ, ते बंद होतं तरी.
प्रश्न विचारून मनात सातपर्यंत मोजायचं,
मगच दुसऱ्याकडे वळायचं.
प्रत्येक कागदाच्या पाठीवर स्पॅनिश भाषांतर,
रात्री अकराला, खरकटं टेबल पुसून केलेलं.
ती मान डोलवायची.
कागद उलटायची, सुलटा करायची, मान डोलवायची.
नोव्हेंबर गेला. डिसेंबर गेला.
मुख्याध्यापक म्हणाले, आळशी असेल.
मी त्यांच्याशी भांडले,
आणि घरी जाताना गाडीत
मलाही तसंच वाटलं. हे लिहून ठेवते.

जानेवारीत पालकसभा. बाहेर उणे वीस.
माझा प्रश्न इंग्रजीतून निघाला,
दुभाष्या बाईंनी स्पॅनिशमध्ये घातला,
मामानं तिथून पुढे माम भाषेत नेला,
ग्वाटेमालाच्या डोंगरांतल्या,
जिचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं.
चार मिनिटं गेली.
उत्तर त्याच वाटेनं ठेचकाळत परत आलं:
ती म्हणते, कागदाच्या मागचीही इंग्रजीच असेल,
असं तिला वाटायचं.
फक्त बाईंनी ती जरा प्रेमानं लिहिली असेल.

स्पॅनिशचे गठ्ठे आता कपाटात.
आता चित्रं काढतो. घरून चमचे, कांदे, बादली आणतो.
पाण्याला ती 'आ' म्हणते, आणि तो आ
घशातच झटकन तोडते, नळ बंद केल्यासारखा.
मी आ करते. ती मान हलवते, नाही.
पुन्हा आ. नाही.
मागच्या बाकावर आब्दिवली हसून लोळतो:
बाईंना पाणी मागता येईना!
ती हसत नाही. तिचे ओठ हलताना मला दिसतात.
सातपर्यंत मोजतेय,
माझ्यासाठी.

मार्चमध्ये जीवशास्त्र. शब्द, सेल.
मी फळ्यावर कांद्याची पेशी काढली:
चौकोनी भिंत, आत एक ठिपका.
तिनं वहीत चौकोन काढला, आत ठिपका,
मग त्याला खेटून दुसरा, तिसरा,
मी मोजले, सतरा.
वरच्या कोपऱ्यात दिवा. रात्रीही चालू, तिनं खुणेनं सांगितलं.
हा शब्द तिला आधीच येत होता.
सीमेवर शिकली होती, नऊ दिवसांत,
आणि कुणी चित्र काढून दाखवलं नव्हतं.

प्रशिक्षणात याची टीप नव्हती.
मी पेन्सिल घेतली
आणि तिच्या भिंतीला बारीक बारीक भोकं पाडत गेले.
बघ, पेशीची भिंत अशी असते, गाळणीसारखी,
यातून आत जातं, बाहेर येतं...
'आ,' ती म्हणाली.
'आ,' मी म्हणाले.
चुकलंच होतं. तिनं चालवून घेतलं.

मंगळवारी पेशींवर चाचणी.
गुरुवारी ओमाहाला तिची पेशी.
कळलंय की दुभाष्या मिळालाय,
स्पॅनिशचा.
सकाळपासून मी न्यायालयाला फोन लावतेय.
लागला की तिकडून यंत्र बोलतं:
इंग्रजीसाठी एक दाबा, स्पॅनिशसाठी दोन.
मी काहीच दाबत नाही.
रिसीव्हर कानाशी धरून
सातपर्यंत मोजते.